आधार कार्डावरचं मधलं नाव आणि कॉफीचं मशीन

मशीन खोलायला मला एक दुपार लागली, साफ करायला एक रविवार. आणि बाळाच्या बांगडीएवढ्या दोन रबरी सीलची वाट बघण्यात सदतीस दिवस गेले. त्या सदतीस दिवसांचा राग अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

मशीन ला पावोनी या इटालियन कंपनीचं युरोपिकोला, दांडा दाबून कॉफी काढायचं. हे मॉडेल 1961 साली आलं. माझं सुरुवातीच्या पिढीतलं, म्हणजे वाफेचा दाब आपोआप सांभाळणारा प्रेशरस्टॅट नाही, नुसत्या स्विचच्या दोन पायऱ्या. वाफ धरेपर्यंत जास्त, मग कमी. भुसावळला एका भंगाराच्या गोदामात पंख्यांच्या ढिगाखाली पडलं होतं. मालकाने दांडा वरखाली करून विचारलं, "हाई काय शे भो, हातपंप?" तसा तो फार चुकला नव्हता. मिलानच्या अकिल्ले गाज्जाने 1948 च्या आसपास हॉटेलांसाठी जे लिव्हर मशीन आणलं, त्यात निदान स्प्रिंग असते. यात तीही नाही. दांडा उचलला की पिस्टन वर जातो आणि पाणी कॉफीवर येतं. खाली दाबला की तुमच्या दंडाच्या जोरावर ते कॉफीतून कपात उतरतं. पिस्टनवरची सील कडक झाली की पाणी वरून गळतं आणि कप कोरडाच राहतो.

क्षाराचं फार सांगत नाही. आमच्या बोअरचं पाणी पिणाऱ्याला क्षार काय असतो हे शिकवायला नको. सायट्रिक अ‍ॅसिड, कोमट पाणी, धीर.

आता सील. इटलीतल्या एका दुकानातून मागवली. पार्सल मुंबईला पोहोचलं आणि मोबाइलवर मेसेज आला, केवायसी करा. केलं. दुसऱ्या दिवशी: नाव जुळत नाही. पार्सलवर माझं नाव आणि आडनाव, आधारवर मध्ये वडिलांचं नाव. बस, एवढंच. जळगाव जिल्ह्यात वडिलांच्या नावाशिवाय कोणी कागद हातात घेत नाही, पण हे त्या इटालियन दुकानदाराला कोण सांगणार? मी पुन्हा अपलोड केलं. पॅन जोडलं. पुन्हा तेच उत्तर, तेच वाक्य, त्याच टिंबासकट. कुरिअरवाल्यांच्या नंबरवर फोन लावला की आधी अकरा मिनिटं बासरी, मग एक मुलगी म्हणायची, "सर, तुमची तक्रार बंद झाली आहे." कोणी बंद केली? तर सिस्टमने.

मग कोणीतरी म्हणालं, दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र द्या. सुट्टी टाकून नोटरीकडे गेलो. वकीलसाहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "जमिनीचं आहे का?" म्हटलं, "रबराचं." ते हसले नाहीत. स्कॅन करून पाठवलं, तर नवीन उत्तर: प्रतिज्ञापत्र चालणार नाही, पाठवणाऱ्याकडून दुरुस्त इन्व्हॉइस आणा. आणि हे कधी, तर ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. 15 ऑगस्टला इकडे झेंडावंदन, तिकडे फेर्रागोस्तो. इटलीत त्या दिवसांत दुकानंच्या दुकानं बंद करून माणसं समुद्रावर जातात. मेलला आपोआप उत्तर आलं, सप्टेंबरमध्ये भेटू. मी रोज ट्रॅकिंग उघडायचो, "प्रतीक्षेत" वाचायचो, बंद करायचो. बायको म्हणाली, "एवढ्यात चहाचे किती कप झाले, ते मोजा."

अधीरपणात एक मूर्खपणाही केला. ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं सामान विकणाऱ्याकडून जवळच्या मापाची सील आणून बसवली. तीन दाबांत गळली, आणि पाण्याला नव्या टायरचा वास. ते करू नका.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुकान उघडलं, त्यांनी दोन ओळींचा नवा इन्व्हॉइस पाठवला आणि तीन दिवसांत पार्सल दारात. आता ऑर्डर देताना मी तिन्ही नावं लिहितो, आधारवर आहेत तशी, त्याच स्पेलिंगने. हे पहिल्याच दिवशी कळलं असतं तर!

सील बसवताना एकीचा ओठ, म्हणजे कडेची पातळ किनार, वर, दुसरीचा खाली, आणि मधे खाण्याच्या दर्जाचं सिलिकॉन ग्रीस. मागवण्याआधी कॉफीचा दांडा जिथे अडकवतो त्या भागाचं (त्याला ग्रुप म्हणतात) माप घ्या: जुन्या मशीनची कॉफीची जाळी 49 मिलिमीटरची, 2000 नंतरच्यांची 51. हे आधी सांगायला हवं होतं.

हीटरबद्दल राहिलंच. प्लग लावण्याआधी तळाच्या पट्टीवरचे व्होल्ट वाचा, आणि हीटर मेगरवर, म्हणजे वीज गळते का ते बघणाऱ्या मीटरवर, तपासून घ्या. त्यासाठी लांब जायला नको. केळीवाल्यांच्या पंपाच्या मोटारी भरणारा रिवाइंडिंगवाला दोन मिनिटांत सांगतो. माझ्याने तर पैसेही घेतले नाहीत, कॉफी मागितली. प्यायला, तोंड वाकडं केलं, साखर मागितली. तीन चमचे.

आणि वाफ पूर्ण सोडल्याशिवाय बॉयलरचं झाकण फिरवू नका. डाव्या मनगटावरचा डाग मी विचारेल त्याला दाखवतो.