तिथीची पाऊणपट आणि मुरुडचा चंद्र

मुरुडच्या पुळणीवर मी पहिल्यांदा ट्रायपॉड उभा केला तो डिसेंबरातल्या एका संध्याकाळी. हे मुरुड दापोलीजवळचं, महर्षी कर्व्यांचं; जंजिऱ्याचं नव्हे. आम्ही तिघे मित्र पुण्याहून ताम्हिणीमार्गे खास फोटोंसाठी गेलो होतो. ओल्या वाळूचा लांबच लांब आरसा, त्यात उतरलेलं तांबूस आभाळ आणि मधेच उघडे पडलेले काळे खडक, असं चित्र डोक्यात पक्कं होतं. प्रत्यक्षात खडक पाण्याखाली होते आणि पुढ्यात नुसती कोरडी, पावलांनी तुडवलेली वाळू. दुसऱ्या दिवशी पहाटे गेलो तर तेच. भर दुपारी बाराला मात्र समुद्र छान आत गेलेला, पण तेव्हा डोक्यावर पांढरंफटक ऊन.

त्यातच एका मित्राच्या लेन्सवर लाटेचे शिंतोडे उडाले. त्याने घाईघाईत ते टी-शर्टनेच पुसले. मिठाच्या पाण्यात वाळूचा कण होता. लेन्सवरच्या फिल्टरच्या काचेवर मधोमध चरा उठला, तो कायमचा.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. तिचं माहेर दापोली तालुक्यातलंच. तिने पहिला प्रश्न विचारला, "तिथी कोणती होती?" कॅलेंडर काढून पाहिलं तर अष्टमी. "मग बरोबर आहे," ती म्हणाली. "अष्टमीला सकाळ-संध्याकाळ सहालाच भरती असते. निघायच्या आधी विचारायचं नाही का रे?"

तेव्हा तिने मला आजोबांचा हिशोब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, येईल ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा. भरतीत सहा तास मिळवले की ओहोटी. रोज भरती साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून ही पाऊणपट. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास. शिवाय तेव्हा उधाण असतं, पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब मागे जातं. अष्टमीला असतो तो भांग; तेव्हा ते धड वर येत नाही आणि धड मागेही जात नाही. गावागणिक अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, त्यामुळे नेमक्या वेळेसाठी भरती-ओहोटीचा तक्ता बघावाच. पण कोणत्या शनिवार-रविवारी निघायचं हे ठरवायला आईचा हिशोब पुरतो.

फोटोवाल्याला असा ओला, उघडा किनारा उगवती-मावळतीलाच हवा असतो, आणि तो पंचांगात दर पंधरवड्याला लिहिलेला असतो. कॅमेऱ्याच्या कितीतरी पुस्तिका मी वाचल्या होत्या. हे मात्र आईकडून कळलं.

दुसऱ्या खेपेला माघी पौर्णिमा शुक्रवारी येत होती. या वेळी आईला घेतलंच, बायको आणि दोन्ही मुलं आली, मित्रांची घरची मंडळी आली. दोन गाड्या, अकरा माणसं. एक गोष्ट निघण्यापूर्वीच ठरवली: फोटोंसाठी संध्याकाळचा एक तास आणि पहाटेचा एक तास, बाकी सगळा वेळ घरच्यांचा. हौसेपायी माणसांना उन्हात ताटकळत ठेवणं मला पटत नाही.

शनिवारी दुपारी जेवून जवळच्या हर्णै बंदरावर गेलो. आई आणि बायकोला मासळीचा लिलाव बघायचा होता, मला सुवर्णदुर्ग. मोठ्या बोटी पाण्यात उभ्या राहतात आणि मासळी छोट्या होड्यांतून काठावर येते. वाळूत कोळंबी, म्हाकूल, बांगड्याचे ढीग पडतात आणि भोवती माणसांचं कडं होतं. मी कॅमेरा वर उचलताच एका मावशींनी हात आडवा धरला. "दादा, आधी माल जाऊ दे, मग काढा." मी कॅमेरा खाली घेतला आणि थांबलो. पंधरा-वीस मिनिटांनी त्यांची पाटी रिकामी झाली. मग त्या स्वतःच पदर नीट करून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता काढा." तोवर आई सुरमईचा कल्ला उचलून आतला लाल रंग तपासत होती. तोही फोटो काढला. तिच्या बोटांवर चिकटलेले खवले त्यात स्पष्ट दिसतात.

सुवर्णदुर्गाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. किल्ला पश्चिमेला पाण्यात आहे, त्यामुळे संध्याकाळी काठावरून तो नुसती काळी आकृती दिसतो. सुंदर दिसतो, पण दगड दिसत नाही. काठाकडच्या तटावर ऊन पडतं ते सकाळी. तेव्हा बुरूज, मोडलेल्या चर्या, तटावर उगवलेली झाडं सगळं उठून येतं. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा हा किल्ला १७५५ साली इंग्रजांनी घेतला, आणि २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत तो आहे. त्याची नुसती सावली घेऊन परतू नये. आम्ही रविवारी न्याहारीनंतर पुन्हा गेलो, तेव्हा तो मला खरा दिसला.

शनिवारी संध्याकाळी मुरुडला समुद्र अगदी आईने सांगितल्यासारखा मागे गेलेला होता. खडक उघडे, वाळू ओली आणि चकचकीत. सहा स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी गडद काच, लावला. जिथे सेकंदाचा साठावा भाग पुरला असता तिथे आता पूर्ण एक सेकंद मिळाला, आणि परतणाऱ्या लाटेचे पांढरे धागे वाळूवर ओढल्यासारखे उमटले. लाट आत येताना नव्हे, मागे फिरताना बटण दाबायचं. पहिले सात-आठ फोटो हलले. लाट परतताना पायांखालची वाळू ओढून नेते आणि ट्रायपॉड गुपचूप खचतो. मग मुलाने आणि मी मिळून तिन्ही पाय वीतभर वाळूत दाबले, एका लाटेला बसू दिले आणि त्यानंतर फोटो घेतले. या वेळी लेन्स बदलायची ती गाडीत, काचा वर करून. रात्री ट्रायपॉड गोड्या पाण्याने धुतला आणि कॅमेरा ओलसर कापडाने पुसून ओटीवर ठेवला. एसीच्या गार खोलीतून पहाटे दमट हवेत नेला की काचेवर वाफ धरते आणि ती जाईपर्यंत उजेड निघून जातो.

पहाटे आई माझ्याआधी उठून बसली होती. शाल घेऊन माझ्याबरोबर आली.

आपल्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रातून उगवत नाही, म्हणून पहाटे फोटोवाले झोपून राहतात. पण पौर्णिमेनंतरच्या पहाटे चंद्र समुद्रात उतरायला निघालेला असतो. अंधारात फोटो घेतला तर त्याचा नुसता पांढरा ठिपका होतो. पूर्वेला सूर्य वर येण्याच्या आगेमागे दहा-पंधरा मिनिटं अशी असतात की चंद्राचा आणि वाळूचा उजेड एका मापाचा होतो. मी ५० मिमीची लेन्स लावली, कॅमेरा उभ्या चौकटीसाठी वळवला आणि गुडघ्याइतका खाली आणला. वर फिकट निळ्या आभाळात चंद्र, खाली ओल्या वाळूत दुसरा चंद्र. दोहोंच्या मधे आई. तिला मी उभं केलं नव्हतं. साडी घोट्याच्या वर धरून ती आपणहून पाण्याच्या कडेला गेली होती आणि वाकून काहीतरी शोधत होती. चौदा फोटो घेतले. त्यातला नववा मला हवा होता तो.

जवळ जाऊन तिला स्क्रीनवर दाखवला. चष्मा नव्हता, तरी तिने बराच वेळ पाहिला. मग मूठ उघडून मला दाखवली. आत तीन बारके शिंपले होते, नातवंडांसाठी. तेवढ्यात एक लाट मघापेक्षा हातभर पुढे आली आणि तिच्या पावलांवरून गेली.

"भरती लागली," ती म्हणाली. "चल, पोरं उठली असतील."

मी ट्रायपॉडचे पाय वाळूतून उपटले.