चालत्या गाडीतला हुरडा

परवा दुपारी दारव्ह्याहून परतताना मोटरसायकल सहज जुन्या स्टेशनाकडे वळवली. फलाटावर सोयाबीन वाळत पडलेलं, तिकीट खिडकीच्या सावलीत दोन शेळ्या. राखणीला बसलेल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "कोन पाहिजे, भाऊ?"

"कोणी नाही, स्टेशन पाहून राहिलो."

"पाहा नं मंग," म्हणाला, आणि मी न विचारताच त्यानं ती गोष्ट सुरू केली.

तीच. धावत्या शकुंतलेतून, म्हणजे या लाईनवरच्या आमच्या जुन्या रेल्वेगाडीतून उतरायचं, शेतातला हुरडा तोडायचा, मागच्या डब्यात चढायचं. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर. वाटेतल्या कोणत्याही गावात विचारा, प्रत्येकाच्या काकानं हे केलेलं आहे. काही काका तर मधे विडीही पेटवत. मला हे कधीच पटलं नाही. गाडी ताशी वीसनं का जाईना, भर उन्हात धोतर सावरत तिच्याशी शर्यत लावणारा माणूस वऱ्हाडात जन्मायचा आहे.

मी पाहिलंय ते एवढंच. आजीसोबत कारंज्याला जाताना गाडी फाटकाजवळ थांबायची. गाडीतलाच एकजण खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की ते उघडायचा आणि निवांत चालत येऊन चढायचा. आम्ही सगळे खिडकीतून त्याची वाट पाहायचो. आजी म्हणायची, "येऊ दे बिचाऱ्याले." माझा संशय आहे, सगळ्यांचे काका या एका माणसातून निघाले असावेत.

तशीही ती लाईन माणसांसाठी नव्हतीच. किलिक निक्सन कंपनीनं ती टाकली कापसासाठी, आणि रुईच्या गाठींना कसली घाई? इथला कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला जायचा. तिथंच १९२१ साली घडलेलं वाफेचं इंजिन इकडे आलं आणि १९९४ पर्यंत राबलं. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या तरी ही लाईन कंपनीचीच राहिली. आम्ही तिकीट काढायचो (कधी कधी), सरकार कंपनीला पैसे मोजायचं.

आता वर्ध्याहून ब्रॉडगेज येतेय, २०२४ मध्ये कळंबपर्यंत पोचलीसुद्धा. पुतण्यानं परवा विचारलं, त्या गाडीतून उतरून हुरडा तोडता येईल का?

म्हटलं, आजोबाला विचार. त्यांनी तोडलाय म्हणे.