परदेशी कंपनी आली की आपलं काय होतं?

नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात परदेशी कंपनी येऊन राहिली अशी बातमी आली की लग्नाच्या पंगतीत कोणीतरी शेजारी येऊन बसतंच. 'भाऊ, पोराला चिकटवता येईल का? आणि तुमच्यासारख्यांचं काही भलं होतं का त्यात?' हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं मशीनिंगचं वर्कशॉप आहे, म्हणून मला विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

पोराचं आधी. परदेशी कंपन्या सहसा इथल्या कंपन्यांपेक्षा जास्त पगार देतात, हे खरं. पण नेमणूकपत्र कंपनीचं की ठेकेदाराचं, ते बघा. एकाच लाईनवर दोघं उभे असतात, युनिफॉर्म सारखा, पगाराची स्लिप वेगळी. (आपल्या कंपन्याही तेच करतात, उगीच परदेश्यांना नावं नको.)

आता माझं. बुटीबोरीत एक परदेशी कंपनी आली आणि सहा महिन्यांत माझा सगळ्यात हुशार सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर तिकडे गेला. चार वर्षं शिकवला होता त्याला. दीडपट पगार, मी कोणत्या तोंडाने अडवणार? पाठोपाठ माझं एक जुनं गिऱ्हाईकही त्यांनी ओढलं. त्या पावसाळ्यात काम कमी झालं, मशीनचा हप्ता तेवढाच. पुढे कधीतरी व्हेनेझुएलाच्या कारखान्यांवरचा एटकेन आणि हॅरिसन या अर्थतज्ज्ञांचा १९९९ चा अभ्यास वाचनात आला. परकं भांडवल आलेल्या छोट्या कारखान्यांची उत्पादकता वाढली, पण त्याच धंद्यातल्या देशी कारखान्यांची घटली, असं त्यात निघालं. मला तो अख्खा पावसाळा आठवला.

मग त्याच कंपनीने मला पिना बनवायचं काम दिलं. पहिला लॉट पूर्ण परत! माप अचूक होतं. कोणत्या पेटीतला माल कोणत्या बारमधून कापला, त्याचा हीट नंबर (पोलाद कोणत्या घाणीतलं ते सांगणारा) माझ्याकडे लिहिलेला नव्हता. चिडलो खूप. पण त्यांचा क्वालिटीवाला महिनाभर येऊन बसला, रजिस्टर घालून दिलं, गेज (माप तपासायची साधनं) तपासायला लावले. वर्षभरात रिजेक्शन इतकं घसरलं की ट्रॅक्टरचे सुटे भाग घेणारी माझी जुनी गिऱ्हाइकंही खूश झाली. भलं झालं म्हणायचं तर ते असं त्यांचा वेंडर, म्हणजे माल पुरवणारा, झाल्यामुळे झालं. पैशाचं मात्र रडगाणं होतं. लहान उद्योगांचं पेमेंट जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावं असं २००६ चा कायदा सांगतो. मला तीन-तीन महिने फोन करावे लागले.

म्हणून गुंतवणुकीचा आकडा ऐकून मी नाचत नाही. मिहानातल्या कारखान्यासाठी फ्रान्सची विमान कंपनी दसॉल्ट आणि रिलायन्स यांची ४९-५१ टक्क्यांची भागीदारी २०१७ मध्ये झाली. फाल्कन २००० हे अख्खं विमान नागपुरात जोडणार, अशी घोषणा जून २०२५ मध्ये झाली. फ्रान्सबाहेर हे पहिल्यांदाच. अभिमान वाटतोच. पण मी विचारतो, त्यातले किती भाग हिंगण्यात, बुटीबोरीत बनतील? विमानाच्या कामाला लागणारी प्रमाणपत्रं माझ्यासारख्याला एका रात्रीत मिळत नाहीत. कोणीतरी हात धरून शिकवावं लागतं.

तो ऑपरेटर परत आला नाही. आठ वर्षांनी नोकरी सोडून त्याने माझ्यापासून तिसऱ्या प्लॉटवर स्वतःचं वर्कशॉप टाकलं. आता कोटेशन द्यायला आम्ही दोघंही जातो. त्याचे गेज माझ्यापेक्षा चांगले आहेत. अडलं की मीच मागून आणतो.