सूरण, विळी आणि माझी करंगळीशेजारची दोरी

'नस कापली', घरात अजून सगळे हेच म्हणतात. दोन महिने मीही म्हणत होते. सूरण चिरताना हात विळीवर घसरला आणि डाव्या अनामिकेच्या बुडाशी, तळव्याच्या बाजूने पातं आत गेलं. कापली ती नस नव्हे, टेंडन. बोट वाकवणारी दोरी. बोटात स्नायू नसतातच. ओढणारे स्नायू कोपराच्या खाली. तिथे दुसऱ्या हाताने दाबून धरा आणि बोटं हलवा, हाताला लागतात.

वाकवायच्या दोऱ्या दोन. वरची मध्येच दुभंगते आणि खालची त्या फटीतून शेंड्यापर्यंत जाते, दोघी एकाच अरुंद नळीत. हाताचे सर्जन या पट्ट्याला पूर्वी 'नो मॅन्स लँड' म्हणत. इथे जोडलेलं चिकटतंच, असा अनुभव.

माझी दोरी ऑपरेशन करून शिवली, पण दहा आठवड्यांनी शेंड्याचं पेर वाकेना. उजव्या हाताने वाकवलं तर वाकायचं, म्हणजे सांधा आखडला नव्हता. मग एक तर आतला टाका तुटलाय, नाही तर दोरी चिकटलीय. वरून बोट दोन्हींत सारखंच. डॉक्टर म्हणाले, "सोनोग्राफी करून या. बोट हलवत बघायचंय."

सोनोग्राफीच्या रांगेत सगळ्या पोटुशा बाया, भिंतीवर गर्भलिंग निदान होत नसल्याचा बोर्ड आणि मी बोट धरून. शेजारचीने विचारलंच, "कितवा?" म्हटलं, "चौथं बोट."

आतल्या मॅडमनी थंडगार जेल लावलं आणि छोटा चपटा प्रोब तळव्यावर उभा धरला. पडद्यावर करड्या रंगात पांढऱ्या बारीक धाग्यांचा पट्टा, रिळावरून सोडलेल्या दोऱ्यासारखा. तेवढ्यात मधला तुकडा काळा पडला. माझ्या पोटात गोळा. "तुटली ना?" त्या हसल्या, प्रोब जरासा कलता केला आणि धागे परत उजळले. लाटा दोरीवर सरळ काटकोनात पडल्या नाहीत तर चांगली दोरीही काळी दिसते म्हणे.

"आता वाकवा. हळू." आधी उजवा हात दाखवला. धागे सुळकन सरकले, वरची कातडी जागच्या जागी. मग डावा. तळव्यात धागे सरकायला लागले, पण जखमेपाशी आल्यावर थबकले आणि आजूबाजूचं सगळंच त्यांच्याबरोबर ओढलं गेलं.

मी ब्लाऊज शिवते. बाही लावताना खालचं कापड नकळत सुईखाली येतं आणि ओढलं की अख्खा ब्लाऊज गोळा होतो. अगदी तेच. मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "रिपोर्टमध्ये असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं." दोरी अखंड होती. टाका धरून होता.

उसवायचं मात्र सुईने नाही. मधलं पेर दाबून धरायचं आणि फक्त शेंडा वाकवायचा, मग नखं तळव्याकडे वळवून आकड्यासारखी मूठ. दिवसातून कितीदा, ते फिजिओथेरपिस्टने कागदावर लिहून दिलंय. काही महिन्यांत सुटली नाही तर ऑपरेशन करून मोकळी करतात. सध्या शेंडा काजाच्या रुंदीइतका हलतो.

विळी माळ्यावर गेलीय. सूरण आता नवरा सुरीने चिरतो आणि खाजवत बसतो.