विधि विभागाला मत नको, तारखा विचारा

विधिमंडळातल्या तारांकित (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या) प्रश्नांची यादी उघडली की साचा लगेच ओळखू येतो. “(१) अमुक प्रकरणी उच्च न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध अपील करण्यास शासनाकडून विलंब झाला, हे खरे आहे काय, (२) असल्यास, उक्त प्रकरणी चौकशी केली आहे काय, (३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व तद्नुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?” खाली उत्तर असतं: “(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.”

चार भागांचा प्रश्न दीड ओळीत निकालात निघाला. मंत्र्यांना किंवा उत्तराचा मसुदा करणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याला दोष देण्याआधी जरा प्रश्नाकडे बघा. पुढचे तिन्ही भाग पहिल्या भागाच्या खुंटीला टांगलेत आणि ती खुंटी आहे ‘विलंब’ या शब्दाची. न्यायालयाने विलंब माफ केला असेल, तर कागदोपत्री विलंब उरलाच नाही असं म्हणायला उत्तर लिहिणारा मोकळा. ज्या खात्याचं कामच शब्दांवर भांडण्याचं, त्याला शब्दात पकडायला गेलं की ते आपल्या घरच्या मैदानावर खेळतं.

इतर खात्यांचं तसं नसतं. पूल खचला तर खचलेला पूल दिसतो. विधि व न्याय विभाग मात्र बहुतेक वेळा स्वतः काही करत नाही, दुसऱ्यांनी काय करावं ते सांगतो. अभिप्राय देतो, अपिलाला मंजुरी देतो किंवा नाकारतो, सरकारी वकील नेमतो, विधेयकांची प्रारूपं लिहितो, इतर खात्यांचे नियम तपासतो. जमीन महसूल खात्याची, कर्मचारी शिक्षण खात्याचा, धरण जलसंपदा खात्याचं; खटला हरला की फाइल दोन खात्यांच्या मधल्या जिन्यावर उभी असते. प्रशासकीय विभाग म्हणतो, विधि विभागाचा अभिप्राय वेळेत आला नाही. विधि विभाग म्हणतो, याचिकेतल्या एकेका परिच्छेदावरचं खात्याचं म्हणणं, म्हणजे परिच्छेदनिहाय अभिप्रायच, मिळाले नाहीत, मग शपथपत्र कशावर करायचं?

प्रश्न कुणाला विचारायचा इथेही पाय घसरतो. महाराष्ट्रात उच्च न्यायालयात आणि सत्र न्यायालयात उभे राहणारे सरकारी वकील विधि व न्याय विभाग नेमतो. त्यांच्या नेमणुका, अटी आणि शुल्क १९८४ च्या विधि अधिकारी नियमांनुसार चालतात. दंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहणारे सहायक सरकारी अभियोक्ते मात्र अभियोग संचालनालयाचे, आणि हे संचालनालय गृह विभागाखाली. ‘सरकारी वकिलांची पदे रिक्त’ असा मोघम प्रश्न गेला की तो एका खात्याकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित होतो, आणि अधिवेशन तोवर संपत आलेलं असतं.

आता अभिप्रायाबद्दल. विधि विभागाने किंवा महाधिवक्त्यांनी (राज्य सरकारच्या सर्वोच्च वकिलांनी) सरकारला काय सल्ला दिला, हे सभागृहात उघड करायला सरकार नकार देतं. ते मला मुळात चूक वाटत नाही. पक्षकार आणि वकील यांच्यातलं बोलणं आहे ते, आणि समोरचा पक्ष प्रेक्षक गॅलरीत बसलेला असू शकतो. लोकसभेच्या नियम ४१ मध्ये तर प्रश्नातून मत मागायला, अमूर्त कायदेशीर मुद्द्याची किंवा काल्पनिक प्रश्नाची उकल मागायला सरळ मनाई आहे. समित्यांनाही कागदपत्रं मागवण्याचा अधिकार असला तरी नियम २७० च्या परंतुकानुसार राज्याच्या सुरक्षिततेला किंवा हिताला बाधा येईल अशा कारणाने सरकार दस्तऐवज देण्यास नकार देऊ शकतं. एक चोरवाट मात्र आहे. मंत्र्याने भाषणात एखाद्या शासकीय कागदातलं अवतरण वाचून दाखवलं, तर नियम ३६८ प्रमाणे तो कागद पटलावर, म्हणजे सभागृहासमोर अधिकृतपणे, ठेवावा लागतो. सार्वजनिक हिताचं कारण दिलं तरच सुटका. म्हणून अनुभवी मंत्री “विधि विभागाचा सल्ला घेतला आहे” एवढंच म्हणतात, त्यातलं वाक्य उच्चारत नाहीत.

मत झाकता येतं, पण तारीख म्हणजे काही मत नव्हे. सरकार हरलेल्या कोणत्याही खटल्यामागे तारखांची एक माळ असते आणि ती मागायला कुठलाही नियम आड येत नाही. निर्णयाची तारीख. प्रमाणित प्रतीसाठी अर्ज कधी केला. प्रत कधी मिळाली. सरकारी वकिलाचं अपिलाबाबतचं मत कधी आलं (मत काय होतं ते नका विचारू). प्रशासकीय विभागाने विधि विभागाला प्रस्ताव कधी पाठवला, त्रुटी काढून तो किती वेळा परत आला. मंजुरी कधी मिळाली. अपील दाखल कधी झालं. या सात-आठ तारखा एका ओळीत आल्या की फाइल कुठे किती दिवस बसली ते विशेषणाशिवाय दिसतं. जिल्हा न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर उच्च न्यायालयात अपील करायला मुदत ९० दिवसांची, उच्च न्यायालयाच्या निर्णयावर सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिकेला साधारणतः ९० दिवसांची. प्रत मिळवण्यात गेलेले दिवस वजा होतात. दावा लावायला सरकारला मुदत कायद्यात एरवी ३० वर्षं दिली आहेत, अपिलाला मात्र अशी वेगळी सवलत नाही.

हे न्यायालयांनीही सरकारला अनेकदा ऐकवलंय. २०१२ मध्ये टपाल खात्याच्या एका प्रकरणात ४२७ दिवसांचा उशीर माफ करायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला आणि फाइल हलायला वेळ लागतो ही सबब यापुढे चालणार नाही असं बजावलं. २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकार ६६३ दिवस उशिरा आलं, तेव्हा न्यायालयाने अशा याचिकांना ‘प्रमाणपत्र खटले’ म्हटलं: सर्वोच्च न्यायालयानेच फेटाळलं, आता आमचा काय दोष, असं फाइलवर लिहिता यावं म्हणून केलेली याचिका. २५,००० रुपये खर्च लावला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करायला सांगितला. सदस्यासाठी यात आयता प्रश्न आहे: गेल्या तीन वर्षांत अपिलं केवळ मुदतीच्या मुद्द्यावर किती फेटाळली गेली, कुठल्या खात्याची, न्यायालयाने लावलेला खर्च कुणाच्या पगारातून वसूल झाला? याला “प्रश्न उद्भवत नाही” म्हणता येत नाही. आकडा द्यावा लागतो, नाहीतर “माहिती संकलित करण्यात येत आहे” असं म्हणावं लागतं. त्या वाक्याचं पुढे काय होतं, ते खाली सांगतो.

त्याआधी ‘न्यायप्रविष्ट’. हा शब्द ढालीसारखा वापरला जातो. खरा नियम एवढाच की निवाड्यासाठी न्यायालयासमोर असलेल्या बाबीच्या गुणदोषांवर सभागृहाने बोलू नये, आणि संविधानाच्या अनुच्छेद २११ प्रमाणे न्यायाधीशांच्या न्यायदानातल्या वर्तनाची चर्चा करू नये. सरकारने किती वेळा तारीख वाढवून मागितली, शपथपत्र किती महिन्यांनी दाखल केलं, विशेष सरकारी वकिलाला किती शुल्क दिलं, हे खटल्याचे गुणदोष नव्हेत. कुठे रेघ ओढायची हे विधानसभेत अध्यक्ष ठरवतात, परिषदेत सभापती. म्हणून प्रश्नाच्या मसुद्यात निकालाविषयी अवाक्षर नसलेलं बरं; एका शब्दापायी अख्खा प्रश्न अस्वीकृत होतो.

पैशाचं गणित सगळ्यांत कमी वाचलं जातं. अर्थसंकल्पात विधि विभागाच्या अनुदानाच्या मागण्यांमध्ये मुख्य लेखाशीर्ष २०१४ येतं (हे साल नव्हे, ‘न्यायदान’ या शीर्षाचा क्रमांक), आणि त्याखाली लघुशीर्ष ११४ मध्ये विधि सल्लागार व वकिलांवरचा खर्च असतो. त्यावर कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करा, असा प्रस्ताव) देता येते, चर्चा होते, मतदान होतं. पण सरकार खटला हरल्यावर जी रक्कम चुकवावी लागते, ती या मागणीत नसतेच. ती ज्या खात्याचा खटला त्या खात्याच्या शीर्षात पडते, आणि पडते तीही भारित खर्च म्हणून. अनुच्छेद २०२(३) मध्ये न्यायालयाचा किंवा लवादाचा निर्णय, हुकूमनामा वा निवाडा यांच्या पूर्ततेची रक्कम राज्याच्या एकत्रित निधीवर भारित धरली आहे. भारित खर्चावर सभागृहाला चर्चा करता येते, मतदान करता येत नाही. म्हणजे वकिलाच्या शुल्काला आमदार मत देतात आणि त्या वकिलाने हरलेल्या खटल्याचं बिल मताशिवाय मंजूर होतं. न्यायालयाचा मान राखायला ही तरतूद हवीच, पण अर्थसंकल्पाच्या पुस्तकात ‘दत्तमत’ (मतदानाने मंजूर होणाऱ्या खर्चाच्या) स्तंभावर बोट ठेवून वाचणाऱ्याला हरण्याची किंमत दिसत नाही. ‘भारित’ स्तंभ वाचा, विशेषतः पुरवणी मागण्यांमधला. हुकूमनाम्याच्या रकमा तिथे अचानक उगवतात.

उदाहरण धरणासाठीच्या भूसंपादनाचं घेऊ. १८९४ च्या कायद्याचं कलम २८ आणि २०१३ च्या कायद्याचं कलम ७२, दोन्हींमध्ये न्यायालयाने वाढवलेल्या मोबदल्यावर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी ९ टक्के आणि पुढे रक्कम न्यायालयात भरेपर्यंत १५ टक्के व्याज धरलंय. वाढीव मोबदला १ कोटी धरा. तीन वर्षांत व्याज ९ अधिक १५ अधिक १५, म्हणजे ३९ लाख. अपील करायचं की नाही यावर फाइल आणखी वर्षभर फिरली तर आणखी १५ लाख. अपील जिंकलो तर वाचले, हरलो तर ते १५ लाख निव्वळ फाइल फिरण्याचे. सदस्याने भारित रकमेत मूळ रक्कम किती आणि व्याज किती अशी फोड मागितली, की जलसंपदा आणि विधि दोन्ही खात्यांना एकाच टेबलाशी बसावं लागतं.

त्या टेबलाचं नाव बहुधा लोकलेखा समिती. सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या (कॅग) अहवालातला आक्षेपाचा परिच्छेद तिथे येतो आणि साक्षीला मंत्री नसतात, सचिव असतात. सभागृहातलं दोन ओळींचं उत्तर इथे टिकत नाही, कारण समितीकडे परिच्छेद, आकडे आणि मागच्या उत्तरांचे कागद समोर असतात. दुपारभर एकाच फाइलवर बसायची सोय इथे आहे. संसदेत १९९३ पासून विभागांशी संलग्न स्थायी समित्याही आहेत. विधि मंत्रालय कार्मिक, लोक तक्रार, विधि व न्याय या ३१ सदस्यांच्या समितीसमोर येतं आणि अनुदानाच्या मागण्यांवर तिथे सचिवांची उलटतपासणी होते.

आता ते “माहिती संकलित करण्यात येत आहे”. मंत्र्याने सभागृहात “तपासून पाहू”, “विचाराधीन आहे”, “माहिती पटलावर ठेवू” असं म्हटलं की ते आश्वासन ठरू शकतं आणि आश्वासन समितीच्या वहीत चढतं. लोकसभेत ही समिती १९५३ पासून आहे. आश्वासन पुरं करायची मुदत तीन महिने, नाही जमलं तर मुदतवाढ मागावी लागते. विधि खात्याची इथे हमखास अडचण होते. “राज्यांकडून अभिप्राय मागवले आहेत” हे वाक्य खरं असतं, पण ते पुरं करणं दुसऱ्यांच्या हातात. मग वर्षानुवर्षं मुदतवाढी. म्हणून उत्तराचा मसुदा करणारे जुनेजाणते कर्मचारी ‘विचाराधीन’ शब्द खोडून ‘सद्यःस्थितीत असा प्रस्ताव नाही’ असं लिहितात. मी सदस्य असतो तर यादीतल्या नव्या प्रश्नांआधी जुनी प्रलंबित आश्वासनं वाचली असती.

उरलं प्रारूपाचं काम. विधेयकाच्या शेवटी जोडलेलं ‘वैधानिक अधिकार सोपवण्यासंबंधीचे ज्ञापन’ कुणी वाचत नाही, आणि खरं तर सरकारने नियम करण्याचा केवढा अधिकार स्वतःकडे घेतला ते तिथेच लिहिलेलं असतं. नियम झाले की ते सभागृहासमोर एकूण ३० दिवस ठेवावे लागतात. हे दिवस एका अधिवेशनात किंवा लागोपाठच्या अधिवेशनांत मिळून मोजतात. लोकसभेच्या उपविधान समितीने (कायद्याखाली केलेले नियम तपासणाऱ्या समितीने) कायदा अंमलात आल्यापासून सहा महिन्यांत नियम करावेत असा दंडक घातलाय. नियम संबंधित खातं करतं, तपासतो विधि विभाग, आणि उशीर झाला की पुन्हा तोच जिना. उपविधान समितीने दोन्ही खात्यांच्या सचिवांना एकाच दिवशी साक्षीला बोलावलं तरच मसुदा कुणाकडून कधी निघाला ते कळतं. नियमात बदल करायचा किंवा तो रद्द करायचा तर दोन्ही सभागृहांचं एकमत लागतं, आणि तोपर्यंत त्या नियमाखाली झालेली कामं कायम राहतात. त्यामुळे ‘पटलावर ठेवण्यात आले’ या रटाळ यादीच्या दिवशीच नियम चाळावेत, तेव्हा मोजणीचे ३० दिवस अजून हातात असतात.