हरवलेला इलेक्ट्रॉन

गुरुवार, रात्र

आज दिवसभर स्टॉप्ड-फ्लोपाशीच होते, म्हणजे द्रावणं क्षणात मिसळून रंगबदल मोजणाऱ्या यंत्रापाशी. आधी नेहमीचं एचआरपी, म्हणजे हॉर्सरॅडिशच्या मुळातलं पेरॉक्सिडेज. एका सिरिंजमध्ये तपकिरी एन्झाइम, दुसरीत हायड्रोजन पेरॉक्साइड. दोन्ही मिसळले की काही मिलिसेकंदांत ४०३ नॅनोमीटरचा उंच सोरे पट्टा (वर्णपटातला सगळ्यात ठळक शोषण पट्टा) जवळजवळ निम्म्यावर येतो आणि ६५१ पाशी बुटका उंचवटा उगवतो. हा कंपाउंड १, म्हणजे पेरॉक्साइडने दोन इलेक्ट्रॉन काढून घेतलेलं एन्झाइम, हिरवा. त्याला फेरोसायनाइडकडून एक इलेक्ट्रॉन मिळाला की कंपाउंड २: सोरे ४२० ला, सोबत ५२७ आणि ५५४ ची जोडी, रंग लाल. कितीदाही बघा, कंटाळा येत नाही.

गंमत म्हणजे लोह दोन्हीकडे सारखंच, Fe(IV), ऑक्सिजनला धरून बसलेलं. फरक एका इलेक्ट्रॉनचा, आणि कंपाउंड १ मध्ये तो गेलेला असतो भोवतीच्या पॉर्फिरिन कड्यातून. सोरे पट्टा कड्याचाच, म्हणून तोच कोसळतो.

यीस्टचं सायटोक्रोम सी पेरॉक्सिडेज मात्र भल्याभल्यांना चकवतं. पेरॉक्साइड घातलं तरी हिरवं होत नाही, लालच. वर्णपट बघून कोणीही कंपाउंड २ म्हणेल. पण इलेक्ट्रॉन तिथेही कमी असतो. तो दिलेला असतो शेजारच्या ट्रिप्टोफॅन-१९१ या अमिनो आम्लाने. कडं शाबूत, म्हणून यूव्ही-व्हिजिबलला पत्ताच लागत नाही. समस्थानिकं घातलेलं ट्रिप्टोफॅन वापरून एन्डॉर या चुंबकीय तंत्राने १९८९ मध्ये हे पक्कं झालं.

आमचा म्युटंटही (बदल केलेलं एन्झाइम) पेरॉक्साइड पडताच थेट लाल होतो. मॅडम म्हणतात, "अगं, बफरमध्ये कसली तरी घाण असेल, ती इलेक्ट्रॉन देते, म्हणून कंपाउंड २ दिसतंय." मला पटत नाही, तीच घाण एचआरपीलाही भोवली असती. वाद घालण्यापेक्षा संध्याकाळी टायट्रेशनच लावलं, फेरोसायनाइड थोडंथोडं घालून किती लागतं ते मोजायला. खरं कंपाउंड २ असेल, तर Fe(III) वर परतायला फेरोसायनाइडचा एकच इलेक्ट्रॉन पुरे. आम्हाला दोनच्या जवळपास लागले.

म्हणजे रॅडिकल, इलेक्ट्रॉन गमावलेली जागा, कुठेतरी आहे, बहुधा टायरोसिन या अमिनो आम्लावर. पण 'बहुधा' मॅडमना चालत नाही, आणि खरं तर मलाही नाही. उद्या नमुने झटपट गोठवून ईपीआरला, म्हणजे रॅडिकल ओळखणाऱ्या यंत्राला, लावायचे. थंड ठेवायला हीलियम मिळालं तर.