डाव्या हाताची नाडीच लागत नव्हती (टाकायासु आर्टरायटिस हा धमन्यांचा आजार, माझा अनुभव)

माझं सुरू झालं ते केस विंचरताना. वय २९. डावा हात वर करून केस धरले की मिनिटभरात हात असा भरून यायचा की खाली सोडावाच लागायचा, आणि खाली सोडला की दोन मिनिटांत परत ठीक. कपडे वाळत घालताना पण तेच. सोबत मानेची एक बाजू दुखायची, संध्याकाळी बारीक ताप, वजन पाच किलो उतरलं. हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढून स्पॉन्डिलोसिस सांगितलं, दुसऱ्यांनी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या, तिसरे म्हणाले टेन्शन कमी घ्या. दीड वर्ष यातच गेलं.

आणि जाईन तिथे बीपी डाव्याच हातावर बघायचे. ९०/६०, कधी ८८. "बीपी लो आहे तुमचं, मीठ जरा जास्त खा, पाणी भरपूर प्या." मी खाल्लं मीठ, कितीतरी महिने, आणि डोकेदुखी वाढतच गेली.

मग एकदा चक्कर आली म्हणून गेले तिथे एक तरुण डॉक्टर होत्या, डाव्या हातावर मशीन सारखं एरर दाखवत होतं तर त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि माझी दोन्ही मनगटं एकाच वेळी हातात धरली, बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "डावीकडे नाडी लागतच नाहीये." उजव्या हातावर बीपी घेतलं ते निघालं १५८/९६. कॉलर बोनच्या वर स्टेथोस्कोप लावला तर सूं सूं आवाज येत होता, मला पण ऐकवला. म्हणजे माझं बीपी लो कधी नव्हतंच, डाव्या हाताकडे जाणारी धमनी इतकी अरुंद झाली होती की तिथपर्यंत प्रेशर पोचतच नव्हतं आणि बाकी शरीरात ते हाय होतं आणि त्यात मी वरून मीठ खात होते!! हे आठवलं की अजूनही रडू येतं.

सीटी अँजिओमध्ये (धमन्यांचा स्कॅन) सगळं दिसलं. डाव्या हाताकडे जाणारी सबक्लेव्हियन धमनी जवळजवळ बंद, मानेतल्या कॅरोटिडची भिंत जाड, एका किडनीची धमनी अरुंद (बीपी वाढायचं कारण ते). या आजारात आपलीच इम्युन सिस्टिम महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्यांच्या भिंतींना सूज आणते, भिंत जाड होते आणि आतली वाट अरुंद होत जाते. कोलेस्टेरॉलचा काही संबंध नाही. जास्त करून चाळिशीच्या आतल्या बायकांना होतो. मिकितो टाकायासु हे जपानी डोळ्यांचे डॉक्टर, त्यांनी १९०८ मध्ये एका तरुण पेशंटच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्यांची विचित्र कडी दिसल्याचं मांडलं, त्यावरून नाव पडलं. पल्सलेस डिसीज असंही म्हणतात, हे वाचलं तेव्हा त्या डॉक्टरांनी धरलेली मनगटं आठवली.

पुढचा प्रश्न, दाखवायचं कुणाला? रिपोर्ट बघून एका सर्जननी लगेच पुढच्या आठवड्यात स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) टाकू म्हणून सांगितलं, आम्ही घाबरून हो म्हणणारच होतो. त्या तरुण डॉक्टरनी थांबवलं, आधी रुमॅटॉलॉजिस्टला दाखवा म्हणाल्या. मला वाटायचं ते फक्त सांधेदुखी बघतात. तर तसं नाही, धमन्यांची सूज त्यांचाच विषय. त्यांनी समजावलं की ईएसआर (रक्तातून सूज दाखवणारी टेस्ट) ७४ आहे म्हणजे आजार पेटलेला आहे, अशात स्टेंट टाकला तर तो परत अरुंद होण्याची शक्यता जास्त, अगदी इमर्जन्सी नसेल तर आधी सूज शांत करायची आणि मग गरज उरली तर बघायचं. मला नाही लागला स्टेंट, आजपर्यंत तरी.

डॉक्टर निवडताना मी सरळ विचारते, असे किती पेशंट बघितलेत तुम्ही? माझे रुमॅटॉलॉजिस्ट म्हणाले, थोडेच, पण अडलं तर मी माझ्या सिनियरना विचारतो. मला तिथेच विश्वास बसला. ज्यांना प्रश्न विचारल्याचा राग आला त्यांच्याकडे मी परत गेले नाही. आणि पहिल्या भेटीत दोन्ही हातांची नाडी, दोन्ही हातांचं बीपी बघतात का, मानेवर स्टेथोस्कोप लावतात का, हे बघा. दोन्ही हातांच्या धमन्या अरुंद असतील तर बीपी पायावर घ्यावं लागतं, माहिती असलेल्या डॉक्टरला हे सांगावं लागत नाही.

औषधांचं थोडक्यात सांगते. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड ४० मिलिग्रॅमपासून सुरू, चेहरा सुजला, झोप गेली, पण हात तीन आठवड्यांत हलका झाला. सोबत आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेट (इम्युन सिस्टिम शांत करणारं औषध) आणि फॉलिक ॲसिड. स्टेरॉइड मनाने अचानक बंद करायचं नाही, एक दिवसही. मेथोट्रेक्सेट चालू असताना प्रेग्नन्सी चालत नाही हे आधीच बोलून घ्या, मला खूप उशिरा कळलं, नंतर ॲझाथायोप्रिन या दुसऱ्या औषधावर आणलं.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. आठ महिन्यांनी प्रेडनिसोलोनचा डोस ७.५ वर आला तेव्हा ईएसआर आणि सीआरपी (सूज दाखवणारी आणखी एक रक्ताची टेस्ट) दोन्ही नॉर्मल आले, घरी सगळे खूश. पण मान परत दुखायला लागली होती, मी भीत भीत सांगितलं, आणि डॉक्टरांनी रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून विषय संपवला नाही, एमआर अँजिओ (एमआरआय मशीनवरचा धमन्यांचा स्कॅन) करायला लावला. उजव्या कॅरोटिडला नवीन सूज निघाली. या आजारात रक्त नॉर्मल असूनही भिंतीत सूज चालू असू शकते, म्हणून ठराविक काळाने स्कॅन लागतातच. सगळ्या सीडी जपून ठेवा, नुसता रिपोर्ट नको, नवीन डॉक्टरला जुन्या इमेज शेजारी ठेवूनच फरक कळतो.

सध्या प्रेडनिसोलोन ५ वर आहे. पाकिटात एक कार्ड ठेवलंय, आजाराचं नाव, औषधं आणि मोठ्या अक्षरात 'बीपी फक्त उजव्या हातावर घ्या'. पुढचा स्कॅन दोन महिन्यांनी आहे.